काट्यावरचं ताट

...अहो, हसताय काय? वजनकाट्याची पिशवी खांद्याला लावून चार महिने दारोदार फिरा, मग हसा! लोकांना वाटायचं, भंगारवाली आली. संशोधन होतं हो ते! कुठल्या घरात कुणाच्या ताटात किती पडतं... पुरुषांच्या किती, बायकांच्या किती. आमचे सर म्हणाले, ‘‘मोजलं की कळतं!’’ आधी गल्लीच मोजायला लावली, खायचं घरापासून किती लांब मिळतं ते. अंडी दारापासून ऐंशी पावलांवर, फळवाला दोनशे दहा. म्हटलं, सर, आणि शेगडीपासून बाईच्या ताटापर्यंत किती? तर म्हणे, ‘‘त्याला रकाना नाही.’’

तर तुम्हाला सांगते, एका गॅरेजवाल्याच्या घरी गेले. बायको काडीसारखी, ओठ पांढरेफटक. पहिल्या दिवशी नुसतं विचारायचं असतं. वहिनी, काल काय जेवलात? तिच्याआधी नवराच बोलतो, ‘‘ती? जेवते की! आमच्याकडे कुणाला काही कमी नाही!’’ तो हात धुवायला उठला तशी ती हळूच म्हणाली, ‘‘सगळ्यांचं झाल्यावर उरतं ते. काल उरलं नाही.’’

दुसऱ्या दिवशी काटा घेऊन गेले... आणि काय थाट म्हणता! सासूबाई डाव घेऊन सज्ज. ‘‘घे गं, लाजू नकोस! ताई लिहितायत!’’ भात, डाळ, वर अख्खं अंडं! नवरा काट्यावर ओणवा होऊन आकडा वाचतोय, जणू पोराचा निकाल लागलाय. ‘‘बघा, माझ्यापेक्षा तिचंच जास्त! मोजलं की कळतं, काय ताई?’’ आणि ती... मान वर न करता भराभर जेवत होती. कुणी ताट ओढून घेईल, अशी.

बरं, एकच घर असतं तर! काटा दिसला की घरोघरी हेच. सर खूश. ‘‘स्त्री-पुरुष भेद आढळला नाही!’’ म्हटलं, सर, हे मला दाखवायला वाढलंय हो! मी कानांनी ऐकलंय! तर म्हणाले, ‘‘ऐकलेलं नको, आकडा आणा. मोजलं की कळतं!’’ कपाळ माझं! गेला अहवाल.

निरोप घ्यायला गेले, तर वहिनी जिन्यापर्यंत आली. ‘‘पुन्हा मोजायला कधी याल?’’ म्हटलं, काम संपलं. म्हणाली, ‘‘नाही... तुम्ही आलात की पोटभर होतं.’’

आता काय करणार, सांगा! दर गुरुवारी जाते. काट्याचे सेल कधीच संपलेत. नवरा वाकला की काचेवर हात धरते... ‘नवा नियम आहे, आकडा गुप्त!’ सासूबाई विचारतात, ‘‘किती भरलं?’’ मी तोंड वाकडं करते. ‘‘कमी पडतंय हो मावशी. अजून एक डाव वाढा.’’

खोटं बोलते, सरळ खोटं! पण वाढतात. गुरुवारी वाढतात... शुक्रवारी काय वाढतात, ते मी विचारत नाही.