कॅलेंडरातली ईद

हॅलो?... हो, रुदैनाच बोलतेय. हा फोन दुसरं कोण उचलणार, मुहन्नद?... नाही, नवल वाटलं. आज चक्क फोन? लेकीचे दिवस वाटायच्या त्या ॲपमध्ये लिहून लिहून बोटं दुखली वाटतं...

काय? उद्या सकाळी? उद्या कशाला?... अरे, उद्या ईद नाहीये! टीव्ही लाव. चंद्र दिसला नाही, मघाशीच जाहीर झालं. उद्या तिसावा रोजा... हो, हो, ॲपमधलं कॅलेंडर मलाही दिसतंय. उद्याचा चौकोन नारिंगी, म्हणजे तुझा. पण तो तू चंद्राच्या आधीच भरून ठेवलायस!... अरे ऐक ना... ऐक तरी! तलाकच्या वेळी कोर्टातल्या बाईंनी काय ठरवून दिलं? रमजान माझ्याकडे, फक्त शुक्रवार आणि ईद तुझ्याकडे. मग रमजान संपू दे की! ॲपला काय ठाऊक, अम्मानवर आज ढग आहेत ते...

मी अडवतेय? मी? मागचे दोन्ही शुक्रवार कोणी रद्द केले?... काम होतं, हो. काम तुझ्या पाचवीलाच पुजलंय. ‘सिदराला कळव’, एवढं टाकलं की तू मोकळा. कळवायचं मी, तिचं उतरलेलं तोंड बघायचं मी... आणि आता नेमका उद्याचाच दिवस हवा! पोरीनं यंदा पहिल्यांदा सगळे रोजे धरलेत, मुहन्नद. एकही सोडला नाही. शेवटच्या इफ्तारला दोघी मिळून गोड कतायेफ तळणार आहोत, सारणाला अक्रोड फोडून ठेवलेत तिनं. हा दिवस पुन्हा येणार आहे का?...

उद्याच ये म्हणून कुणी सांगितलं?... सिदरानं? कधी?... कसला व्हॉइस मेसेज? मला नाही बोलली काही... लाव बघू. फोनजवळ धर...

...

पुन्हा लाव.

...‘बाबा, टीव्हीवाले खोटं बोलतात. मी गच्चीवरून चंद्र पाहिला. तू उद्याच ये.’... नाही, रडत नाहीये मी. थांब जरा. ठेवू नकोस.

सिदरा! इकडे ये, बाळा... गच्चीवर गेली होतीस?... खाली नको बघूस, रागावले नाहीये. दिसला तुला चंद्र?... नक्की?... बरं. जा, बॅग भर.

हॅलो... आहेस ना?... हो, विचारलं. दिसला म्हणते... माहितीये रे, ढग आहेत. मीच सांगितलं ना तुला... मुहन्नद, मीही पाहिला. हो, मी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून. बारीक होता, पण होता.

ये सकाळी. सहेरी करून तयार ठेवते तिला... आणि हे बघ, चंद्र आपल्यापुरता, रोजा मात्र आहे तिचा. तुझ्या आई मामूल बिस्किटांचं ताट पुढे करतील, दिवस मावळेपर्यंत काही भरवू नका म्हणावं. कतायेफचं सारण डब्यात देते, तिकडे तुमच्या घरी इर्बिदला तळा...

एक मिनिट. या वेळी रद्द करायचं झालं, तर ॲपमध्ये टाकू नकोस. मलाही कळवू नकोस. तिला फोन लाव आणि स्वतःच्या तोंडानं सांग, की चंद्र दिसला नव्हता.

ठेवते.