गिऱ्हाईक होऊन येणाऱ्या बाई

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाय. आम्ही हमरापूरचे, बापाचा गणपतींचा कारखाना, पण मला माती नको होती म्हणून धाटावला कंपनीत लागलो, आणि तिथं शिफ्ट सुटताना भांडणात सळईनं एकाचा हात मोडला मी. बापाला घेऊन त्याच्या पाया पडून आलो, पण केस व्हायची ती झालीच. कोर्टानं जेलात नाय घातलं, प्रोबेशनवर सोडलं, म्हणजे घरी राहा, नीट वागा, आणि देखरेखीला एक अधिकारी बाई.

काय सांगू तुम्हाला, त्या बाई कधी जीप घेऊन आल्या नाय. एसटीनं यायच्या, गिऱ्हाईक होऊन, ही मूर्ती केवढ्याला, ती केवढ्याला, आणि मधेच हळूच, दारू पितोस काय रे? आईला यातलं काय ठाऊक नाय, ती वैतागायची, काय गो ही बाई, सारखी भाव करते न् साधा उंदीर पण नेत नाय. गावाला कळलं नाय, म्हणून मी माणसांत राहिलो.

बाप गेला, कारखाना माझ्याकडं आला, आणि रोह्याचा सुरेश कामाला आला, चोरीत सापडलेला, तोही प्रोबेशनवर. हात असा की त्याला आखणीला बसवला, म्हणजे देवाचे डोळे काढायला. पण त्याच्या देखरेखीचे साहेब जीपनं आले, दारातूनच ओरडले, तो चोरीच्या केसमधला कुठंय? झालं. मूर्ती न्यायला आलेला व्यापारी म्हणाला, चोरानं काढलेले डोळे मी विकणार नाय. मी म्हटलं, मग आंधळ्या न्या, डोळे सुरेशच काढणार. व्यापारी गेला तो गेलाच, मूर्ती वर्षभर माळ्यावर राहिल्या. राहू देत.

साहेबांनाही सुनावलं, माणूस सुधारायला येता की त्याची दवंडी पिटायला? गिऱ्हाईक होऊन या. ते म्हणाले, हे तुम्हाला कोणी शिकवलं? समोर सुरेश ब्रश धरून बसलेला, आणि मी रंग कालवायला घेतला. तेव्हाच बोलायचं होतं. साहेब पुढच्या खेपेला पायी आले, पण त्यांना भाव काय करता येईना.

आता सुरेशची मुदत संपलीय, आखणी तोच करतो, आणि सगळ्यांना सांगतो, मालकानं जन्मात वाकडं पाऊल टाकलं नाय, तरी मला जवळ केलं.

छापा हे, गाव काय म्हणायचं ते म्हणू दे, मला भीती नाय. पण त्याच्याआधी मीच सुरेशला सांगायला हवं की मीपण तुझ्यासारखाच सुटलेला. तेवढं त्याचं देणं हाय माझ्यावर, अजून दिलेलं नाय.