तळ्यावर न गेलेला बोर्ड

सगळे मलाच विचारताय, तो हवा भरायचा बोर्ड कसा आहे म्हणून. मला काय माहीत! पाण्यावर उभं राहून वल्हवायचं म्हणून हौसेनं मागवला. सोलापूरचं ऊन, त्यात गच्चीवर हातपंपानं फुगवताना जीव अर्धा झाला. हवा टिकते का बघायला रात्रभर तिथंच ठेवला. सकाळी हिप्परग्याच्या तळ्यावर न्यायला वर गेलो, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्यावर कुरडया!

"अगं, हे काय?" मी ओरडलो.

"हात लावू नका, ओल्या आहेत," बायको म्हणाली. "लई सपाट आहे बघा. मुंग्यापण चढत नाहीत."

"मला तळ्यावर जायचंय!"

"मग जावा की. तुम्हाला कोण अडवलंय? ह्याला राहू द्या हितंच."

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून काकूंनी हाक मारली, "कुठनं मागवलात ओ? आमच्या पापडांनापण एक पाहिजे."

मी कपाळावर हात मारला. "काकू, हा पाण्यात न्यायचा असतो!"

काकूंनी माझ्याकडं बघितलंच नाही. बायकोला म्हणाल्या, "एवढी चांगली वस्तू भिजवायला निघालेत व्हय गं हे?"