दोन गुणांच्या प्रश्नाला सात पानं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन माननीय विजयसिंह खराडेसाहेब, सत्कारमूर्ती मुख्याध्यापक आदरणीय गुरुसिद्ध चौगुलेसर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या चन्नम्मावहिनी, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, शिक्षकवर्ग, समोर सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली मुलं आणि मागं भिंतीला टेकून उभी असलेली गावची मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मी वर्षाराणी कृष्णात मगदूम. दहावी बमधल्या तेजस्वीची आई. पालकांच्या वतीनं सरांविषयी चार शब्द बोलावेत म्हणून मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी "आवरतं घ्या हं वहिनी" असं आधीच बजावलंय. प्रयत्न करते. पण वेळेत आवरणं आमच्या घरात कुणाला जमत नाही, हे सरांना माझ्याइतकंच ठाऊक आहे.

सर, तुम्हाला फेटा शोभतोय. वहिनींना विचारा हवं तर.

या गावात माझी ओळख काय आहे, हे मला माहीत नाही असं समजू नका. "पोरीची शाळा बुडवलेली बाई." तोंडावर कुणी म्हणत नाही, पाठ फिरली की म्हणतात. तेजस्वी तिसरीत होती तेव्हा लॉकडाऊन लागला. घरात तिला धडा वाचायला बसवलं आणि कळलं, की माझ्या पोरीला जोडाक्षर वाचता येत नाही. प्रगतिपुस्तकावर मात्र तिन्ही वर्षं 'अ' श्रेणी. आणि मी वारणानगरला बी.एस्सी. झालेली बाई, रोज तिचा डबा भरून देत होते, मलाही ते दिसलं नव्हतं. लाज वाटली हो मला, खरंच लाज वाटली. पुढं शाळा उघडल्या तेव्हा मी तिला पाठवलं नाही. घरी शिकवते म्हटलं. आमच्या सासूबाई सोप्यातून ओरडल्या, "व्हय गं, मग शाळा काय म्हसरं बांधायला बांधल्यात व्हय?"

पाच वर्षं शिकवलं. तिचे वडील दूध संकलन केंद्रावर आहेत, तर अपूर्णांक दुधाच्या मापावर शिकवले आणि टक्केवारी फॅटच्या मशीनवर. पोरगी वाचायला लागली, आणि मग तिच्या हातातलं पुस्तक काढून घ्यावं लागायला लागलं. मी चुकले का? नाही चुकले. आज पुन्हा तीच वेळ आली तरी मी तेच करीन.

मग परत शाळेत का घातली? हा प्रश्नही गावानंच विचारला. तेच तोंड, तोच कट्टा. "हौस फिटली व्हय वहिनी?" हौस नव्हती फिटली. चौदावं लागल्यावर तेजस्वी एक दिवस मला म्हणाली, "आई, मला भांडायला माझ्या वयाचं कुणीच न्हाय. तुझ्याशी भांडलं की तू लगेच आई हुतीस, मग मीच हरते. आणि एकटीनं खो-खो कसा खेळायचा, सांग की." विज्ञान, गणित, भूगोल सगळ्याची उत्तरं माझ्याकडं होती. याचं नव्हतं.

दोन शाळा हिंडलो. दोन्हीकडं आठवीपर्यंतच्या शाळेचा दाखला मागितला. घराचा दाखला कुठून आणायचा? तिसरी ही शाळा. चौगुलेसरांनी जन्माचा दाखला बघितला, बोटावर वय मोजलं आणि म्हणाले, "नववीत बसतीय की. आणि काय बघायचं असतंय?" एवढंच. सत्कारात सरांचे गुण सांगायचे असतात ना? माझ्यासाठी हा पहिला गुण.

आता दुसरा सांगते, पण त्याआधी माझी चूक सांगितली पाहिजे. सहामाही परीक्षेत विज्ञानाच्या पेपरात प्रश्न होता, दुधाचं दही होणं हा कोणता बदल आहे ते स्पष्ट करा. दोन गुण. तेजस्वीनं सात पानं लिहिली. घरी आम्ही चौदा वाडग्यांत विरजण लावून बघितलं होतं, चुलीजवळ, फडताळात, माळ्यावर. ते सगळं तिनं तक्त्यासकट उतरवलं. दोन तास संपले, पेपर काढून घेतला. चाळीसपैकी सहा गुण. दह्याला दोनातले दोन मिळाले बरं का! बाकीचे चार कसे मिळाले ते तिलाच माहीत.

वर्ग हसला. शिक्षकसुद्धा हसले, मी नावं घेत नाही. पण दोष पोरीचा नव्हता. "हातातलं काम पुरतं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा न्हाय," असं पाच वर्षं मीच तिच्या डोक्यात भरलं होतं. परीक्षेत अर्धवट सोडून पुढं जायचं असतं, हे मी शिकवलंच नाही, कारण माझ्या घरात घंटाच नव्हती.

सरांनी काय केलं? शिपाई पिराजीमामांना बोलावलं. रोज शाळा सुटल्यावर तेजस्वीनं ग्रंथालयात जुने पेपर सोडवायचे आणि मामांनी दहा-दहा मिनिटांनी खिडकीवर टकटक करायची. टकटक झाली की वाक्य अर्ध्यात असलं तरी सोडायचं, पुढचा प्रश्न घ्यायचा. पहिला आठवडा पोरगी रडली. मामा बाहेरून म्हणायचे, "रड, पर पुढचा प्रश्न घिऊन रड." सर शेजारी फायली बघत बसायचे. नववीच्या वार्षिक परीक्षेत तेजस्वीला एकसष्ट टक्के पडले. आणि खो-खोच्या संघात ती आली. वर्गातल्या दोघींशी तिचं कडाक्याचं भांडणही झालं, त्याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

मॅडम, तुमची चिठ्ठी मिळाली. दोनच मिनिटं.

शाळेच्या गेटवर मोठा बोर्ड आहे. दहावीचा निकाल शंभर टक्के, सलग सात वर्षं. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण गेल्या वर्षी जूनला एकट्या दहावी बमध्ये बेचाळीस मुलं होती आणि मार्चला या शाळेकडून पेपराला बसली सदतीस. पाच कुठं गेली? मला माहीत आहे, इथं बसलेल्या पुष्कळ आयांनाही माहीत आहे. दाखला काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसा. नापास झालं तर शाळेच्या माथी नको.

यंदा चेअरमनसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. साहेब, तुम्ही गोडच बोललात, ते मान्य करते. "वहिनी, पोरगी हुशार हाय, पर बोर्डाचं काय सांगता येत न्हाय. बाहेरनं बसवा. शंभर टक्क्याला गालबोट नको." सर तिथंच होते. ते म्हणाले, "पालकाचा अर्ज आल्याबिगर मी दाखला काढत न्हाय." हा सरांचा तिसरा गुण, आणि आज सर निवृत्त होतायत.

म्हणून काल हा अर्ज घरी आला. टाईप केलेला, तयार. 'पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत.' कारण लिहिलंय, 'पालकांच्या इच्छेनुसार'. माझी इच्छा मला न विचारता टाईप झालेली मी पहिल्यांदाच बघितली. घेऊन कोण आलं? पिराजीमामाच. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही त्यांनी. "मला दिलं, मी आणलं वहिनी. मी काय म्हणत न्हाय." त्यांना कुणी काही बोलू नका, ते हुकमाचे ताबेदार.

साहेब, मघाशी तुम्ही सरांच्या खांद्यावर शाल घातलीत. आता हा कागद मी तुमच्या हातात देते. सहीची जागा कोरी आहे, ती कोरीच राहील. तेजस्वी पास होईल याची हमी मी देत नाही. नापास झाली तर बोर्डावरचा आकडा पुसा आणि जो येईल तो लिहा, खडूनं लिहिला तरी चालेल. पण ती पेपराला बसेल ती याच शाळेची मुलगी म्हणून. आणि ज्या आयांच्या घरी असाच कागद आलाय, त्यांनाही सांगते, सही आपल्या हातात असते.

सर, तुमच्या दिवसातली दहा मिनिटं मी खाल्ली. वहिनी, तुम्ही त्यांना सुखरूप घरी न्या आणि विश्रांती घ्यायला लावा. संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सरांनी ते पोटात घालावं. बाकी कुणाची माफी मागायचं मला कारण दिसत नाही. पोरीला शाळेतून काढली त्याची नाही आणि परत आणली त्याचीही नाही.

उद्या शनिवार, सकाळची शाळा. दहावी बच्या पटावर एकतीस नंबरला तेजस्वी कृष्णात मगदूम हे नाव आहे. जे कुणी हजेरी घेतील त्यांनी ते मोठ्यानं वाचावं. मागच्या बाकावर बसते, पण ओ द्यायला तिचा आवाज पुरेसा आहे.