दादांच्या भाषणाचा सा

वेळ दुपारी सव्वाबाराच्या पुढची. स्थळ, कसबा बावड्यातलं मंगल कार्यालय. मुहूर्त बारा पस्तीसचा, आणि माईक अमरसिंहदादांच्या हातात! आता तुम्हीच सांगा, लग्नात भाषण कशाला? नवरा-नवरी पाटावर, मधे आंतरपाट, तीनशे माणसांच्या मुठीत अक्षता घामानं चिकटलेल्या, आणि आमचे नेते सांगताहेत, "...आणि त्यानिमित्तानं मला एवढंच सांगायचंय, की आपल्या भागाचा जो काही विकास, आणि तो होत असताना, आणि म्हणून..." संपेचना हो वाक्य! तीस वर्षं सभांच्या बातम्या करतोय, पण पूर्णविरामाशी इतकं वैर असलेला माणूस दुसरा पाहिला नाही!

नवरीचे वडील गणपतराव माझ्या कानाशी. "मुहूर्त टळतोय हो! पोरीच्या सासूनं तीन ज्योतिषी पालथे घालून काढलाय. टळला तर राजनंदिनीला जन्मभर ऐकवंल ती!"

म्हटलं, "मग सांगा की दादांना."

"कसं सांगू? लेकाला त्यांनीच नोकरीला लावलंय. तुमी सांगा की, पत्रकार हाय न्हवं तुमी?"

म्हटलं, मी प्रश्न विचारतो, भाषणं थांबवत नाही!

आणि तुम्हाला सांगतो, तेवढ्यात मागून क्लॅरिनेट वाजलं. जोतीराम बँडवाला! लाल कोट, काळा गॉगल, आणि तोरा असा की नवरदेव हाच! सकाळीच नवऱ्याकडच्या आत्याबाई रुसून दाराकडं निघाल्या, तर यानं टीव्ही मालिकेत धक्का बसल्यावर वाजतं ना, ते वाजवलं... धाड! धाड! धाड! बाई तीनदा वळल्या आणि तिसऱ्यांदा हसत सुटल्या. रुसवा खलास! एक शब्द बोलला नाही हो माणूस! आता हे बातमीत लिहायचं कसं?

तर दादा म्हणाले, "आणि म्हणून..." आणि क्लॅरिनेटही म्हणालं, "आणि म्हणून." तोच चढ, तोच हेल, मधला खोकलासुद्धा! मंडपात खसखस. बायकांनी पदर तोंडाला लावले.

दादा थांबले. "कोण हाय रं त्यो?"

ढोलवाला ओरडला, "सूर लावतोय त्यो, दादा! तुमचं चालू द्या की!"

बघा, नक्कल कुणीही करील. खरी कारागिरी पुढंच होती! दादा म्हणाले, "आणि त्यानिमित्तानं मी..." आणि या पठ्ठ्यानं तो 'मी' हवेतच झेलला, लांबवला, वर नेला, गरगर फिरवला आणि अलगद 'सा'वर आणून ठेवला. वर ढोलाचा एक ठोका... धडाम! संपलं! अहो, गाणं कुठं संपतं हे कळायला काय गुरू करावा लागतो? सा आला की हात आपोआप उठतात! तीनशे माणसांनी कडकडून टाळी दिली, मुठीतल्या निम्म्या अक्षता दादांच्या डोक्यावर, आणि टाळ्या ऐकल्यावर नेता काय करतो? हात जोडतो! इतक्या निवडणुकांची सवय ती! आता दोन्ही हात जोडायचे म्हणजे माईक कुणाकडं तरी द्यायलाच हवा. तो भटजींनी घेतला, घेतला कसला, ओढलाच, आणि सरळ मंगलाष्टकं सुरू! बारा पस्तीसला राजनंदिनीच्या गळ्यात हार पडला. मी भल्याभल्यांच्या मैफली ऐकल्या, पण असा सा? छे! आणि माणूस एक शब्द बोलला नाही हो! आता हे बातमीत लिहायचं कसं?

मी काय सोडतोय? पंगतीतच प्रतिक्रिया घ्यायला बसलो. दादा म्हणाले, "भाषण? पूर्ण झालं की माझं!" गणपतराव म्हणाले, "मी कुणाला काय बोललो न्हाय बघा!" आणि जोतीराम जिलबी मोडत, गॉगल न काढता, "मी कुठं काय बोललो, पावणं?"

तरी लिहिली. तीन कॉलम! संध्याकाळी पेपरच्या डेस्कवरून उपसंपादक उन्मेषचा फोन. "सर, क्लॅरिनेट नेमकं काय म्हणालं? अवतरणात काय टाकू?"

म्हटलं, "सा टाक!"

सकाळी पेपर उघडला. तीन कॉलमची झाली होती एक ओळ. 'या वेळी अमरसिंहदादांनी वधू-वरांना थोडक्यात शुभेच्छा दिल्या.'

थोडक्यात! बावीस वर्षांच्या कारकिर्दीत दादांनी पहिल्यांदा थोडक्यात शुभेच्छा दिल्या, आणि का दिल्या, ते अजून कुणी सांगायला तयार नाही.