विलायती दुकानातल्या शिवणाच्या बाई

माझा जलम कवठे महांकाळाकडचा, पान्याची वढ असल्याला मुलूख, ज्वारी आली तर आली. आन् लगीन करून दिलं वडूजकडं, तिथंबी तीच गत, म्हंजे आगीतनं उठून फुपाट्यात. नवऱ्यानं दोन वर्सं नांदवलं आन् दुसरी केली. काय सांगू तुमाला, मी भांडली न्हाई. लुगड्याचं गठुळं घेतलं आन् सांगलीला थोरल्या भावाकडं आली. दादा हळदीच्या पेठेत हमाल, अंगाला कायम हळद, वैनी म्हनायची ह्यांचं लगीन रोजच चाललंय.

तर पेठंच्या अलीकडं शिलाई मशीनचं एक दुकान हुतं, इलायती कंपनीचं. दुकानबी कंपनीचं, त्यातली मानसंबी कंपनीची, मालक समिंदरापल्याड, त्याला आमी कुनी कवा बघितला न्हाई. मशीन घेनाऱ्या बाईला शिवान-भरतकाम शिकवूनच द्यायचं, ही त्यांची रीत. मी झाडलोटीला लागली आन् बघून बघून शिकली. म्यानेजर हुते, नाना म्हनायचो आमी त्यांना, सांगलीतलंच मानूस. त्यांनी माझं एक काज बघितलं, उलटं करून बघितलं, आन् म्हनाले, उद्यापासनं झाडू ठेवा, पोरींना शिकवायला बसा. ठेवा म्हनाले, ठेव न्हाई.

तवापासनं मी बाई झाली. वकिलाच्या, डागदराच्या सुना यायच्या, आन् बाई, माझी टीप वाकडी का जाती, असं मला इचारायच्या. गावाकडं टाकल्याली म्हनून मला हळदी-कुकवाला कोन बलवत न्हवतं, आन् हितं चांगल्या घरच्या लेकी माझ्या हाताखाली शिकत्यात. लय सुखाचं दिस ते, लय. माझं मशीन सात नंबरचं, पायाचं, काळंभोर, वर सोनेरी येलबुट्टी. दुसऱ्या कुनी चालवलं की दोरा तोडायचं, माझ्या पायाखाली गप चालायचं. खंडेनवमीला त्याला हार माझ्याच हातचा.

मग सरकारनं कायदा केला. नानांनी समजावलं, आता परदेशी मालकाला हितल्या धंद्यात मोठा हिस्सा ठेवता यायचा न्हाई, कंपनी आपली दुकानं मोडती, मशीनी इकायला हितलाच यापारी नेमनार. मी म्हनलं, मग शिकवायचं कोन? नानांनी हिशोबाची वही उघडली.

दुकान मोडायच्या दिशी मुंबईहून गोरा साहेब आला. उंच, घामानं निथळल्याला, सोभावानं गरीब. नाना भाईर ट्रकवाल्यासंगं पेट्या बांधून घेत हुते. साहेब एकेका मशीनपाशी थांबून कागदावर लिवत लिवत माझ्यापाशी आला. माझा हात चाकावरनं निघत न्हवता, ते त्यानं बघितलं आसंल. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हनला, ये मशीन तुमको मांगता? ले जाओ, कंपनी देगा.

आवं, ते मशीन घरी आलं आसतं तर वैनीच्या सोप्यात पोरी बसवल्या आसत्या, जलमभर बाईच राहिली आसती. आन् मी काय म्हनावं? नगं साहेब, नगं. आमच्यात पयल्यांदाच व्हय कोन म्हनतंय का? पाव्हन्याला जेवा म्हनलं तर तो दोनदा नगं म्हनतो, तिसऱ्यांदा पाटावर बसतो. लगीच हात पसरला तर हावरट म्हनत्यात, आईनं तेच शिकवल्यालं. मी मान खाली घालून हुबी, आता साहेब परत इचारंल. साहेब म्हनला, अच्छा. कागदावर कायतरी लिवलं आन् आठ नंबरकडं गेला.

तो गेल्यावर नाना आत आले, त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, म्हनाले, बाई, त्यांच्यात एकदाच इचारत्यात. पळत रस्त्यापतोर गेले, पर मोटार कवाच कोल्हापूरच्या वाटंला लागली हुती. म्हनाले, मी पत्र टाकतो. मी म्हनलं, नका. एकदा नगं म्हनल्यालं परत मागायचं, ते मला जमायचं न्हाई. मशीनला हळद-कुकू लावलं, वर खन-तांदूळ ठिवून ओटी भरली, आन् ट्रकात चढवताना तिथं थांबली न्हाई, परसात जाऊन रडली.

कायद्यानं देशाचं बरं झालं आसंल, मी न्हाई म्हनत न्हाई, शिकल्याली मानसं करत्यात ते. आता यापाऱ्याचं दुकान हाय, मशीन घ्या आन् जावा, शिकवायचं-बिकवायचं न्हाई. मी एका टेलराकडं काजं-बटनं करती, हातसुईनं. कवा रस्त्यात त्या सुना भेटत्यात, बाई, बऱ्या हायसा का म्हनत्यात, तेवढ्यावर माझं चार दिस जात्यात. पर सुई चालली की पाय आपसूक हालतो माझा, खाली कायबी नसताना. टेलर हसतो.

साहेबावर राग न्हाई. जिथं आसंल तिथं देव त्याचं भलं करो. पर आजून एकदा इचारलं आसतं त्यानं, एकदाच, तर मी व्हय म्हनली आसती.

बसा, च्या टाकती. नगं म्हना, म्हना की. मी आजून दोनदा इचारनार हाय.