सुनीतीचं राहिलेलं गाणं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्यामराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आपल्या सर्वांची लाडकी सुनीती, तिच्या मातोश्री कालिंदीताई, आणि सभागृहात जमलेल्या बंधुभगिनींनो,

सुनीती मुजुमदार उद्या आईला घेऊन कायमची मुंबईला निघाली. शेजारीण म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. कौतुक करायला उभी राहिले खरी, पण मनात वेगळंच घोळतं आहे. अध्यक्षांची परवानगी गृहीत धरते.

दुर्गापूजेच्या दिवसांत कलकत्त्यात बेहाल्यापासून सियालदहपर्यंत कुठल्या मांडवात हिची तबकडी वाजली नाही? गिटारवर बंगाली गाणी म्हणणारी ही मुलगी मराठी आहे, हे बंगाली मंडळींना आजही पटत नाही. आडनाव मुजुमदार, बंगाल्यांतही असतंच! ते तरी काय करणार? वडील मात्र, आपले कै. सदाशिवराव, मांडव दिसला की रस्ता ओलांडत. लहानपणी त्यांनीच तिला तंबोऱ्यापाशी बसवून शिकवलं होतं. ती पार्क स्ट्रीटच्या हॉटेलात गायला लागली, तेव्हापासून घरात गाण्याचा विषयच बंद झाला. भांडण नाही, आदळआपट नाही. "जेवलीस का?" "हो बाबा." संपलं.

गेल्या वर्षी टीव्हीवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाला, सगळा हिच्याच गाण्यांचा. बालीगंजच्या आमच्या बिऱ्हाडात टीव्ही होता. चित्रीकरण आधीच झालेलं, म्हणून सुनीतीही बघायला आली. आणि दारात पाहते तर सदाशिवराव! पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी, मागे कालिंदीताई. "नलिनीवहिनी, जागा आहे ना?" म्हणाले. मी लगबगीने खुर्ची पुढे केली.

पहिल्या दोन गाण्यांना ते जमिनीकडे बघत होते. तिसऱ्याला मान वर झाली. बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली, हे मी स्वतः पाहिलं. मग पडद्यावरची सुनीती म्हणाली, "शेवटचं गाणं मराठी आहे. चाल माझ्या बाबांची." आणि लोडशेडिंग!

अंधारातच कालिंदीताई म्हणाल्या, "सुनी, तूच म्हण ना आता." ही वडिलांच्या शब्दाची वाट बघत असावी. शेवटी सदाशिवराव म्हणाले, "राहू दे. पुन्हा दाखवतील, तेव्हा नीट ऐकू." आवाज भरून आला होता. पोरीसमोर रडू फुटेल याचा संकोच, दुसरं काय? तीही मानी. "बरं बाबा," एवढंच म्हणाली.

कार्यक्रम पुन्हा लागला नाही. थंडीत सदाशिवराव गेले. आजारपणातही त्यांनी ते गाणं मागितलं नाही, हिनेही आपणहून म्हटलं नाही. "बाबा सांगतील मग म्हणेन, असंच वाटत राहिलं हो काकू," असं ती मला नंतर म्हणाली.

सुनीती, आज इथे गाण्याचा आग्रह तुला कुणी करणार नाही. तशी मी सगळ्यांना ताकीद दिली आहे. पण त्या संध्याकाळी ते गाणं तुझ्या आईचंही ऐकायचं राहिलं. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि त्यानंतर त्यांनीही कधी मागितलेलं नाही. मुंबईला पोहोचलीस की सामान सोडायच्या आधी त्यांच्यासमोर बस, बाळ. कुणी सांगायची वाट बघू नकोस.

निरोपाच्या दिवशी असं बोलायचं नसतं, हे कळतं मला. अधिकउणं झालं असेल ते आपलेपणाने पोटात घाला. शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपली मनापासून आभारी आहे.